कादंबरी वाचणारीला कुणी विचारले?



सर्क्युलेटिंग लायब्ररीतले पुस्तक ज्यांनी हाताळले आहे, त्यांना ते डोळे मिटूनही ओळखता येईल. मूळ मुखपृष्ठ कधीच गेलेले, त्या जागी जाड पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी आणि पट्टीवर शाईने घातलेला क्रमांक. आत चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के, एकाखाली एक. शेवटच्या पानावर, कथा संपते तिथे, पेन्सिलीने लिहिलेला एखादा शेरा : ‘छान’, ‘रडू आले’, ‘नायिका मूर्ख आहे’. ग्रंथपालांना हे शेरे आवडत नसत आणि पुस्तक खराब करू नये हा नियम योग्यच आहे. तरीही प्रेमकादंबरी वाचणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने मागे ठेवलेला हा लेखी पुरावा आहे, आणि असा पुरावा फार थोडा उरला आहे.

आजचा विषय याच वाचकांचा आहे. लोकप्रिय प्रेमकादंबऱ्या वाचल्याने माणसावर, विशेषतः बाईवर आणि तरुण मुलीवर, काय परिणाम होतो असे मानले जाते, आणि त्या मानण्याला आधार किती? न्यायाधीश, धर्मोपदेशक, शिक्षक, समीक्षक, वडील आणि नवरे या प्रश्नाची उत्तरे अडीचशे वर्षे देत आले आहेत. ज्याच्यावर परिणाम होतो असे सांगितले जाते, त्या वाचकाला मात्र फार उशिरा विचारले गेले.

युरोपात या काळजीचा पहिला मोठा भडका १७७४ साली उडाला. त्या वर्षी जर्मन लेखक गटेची ‘वेर्टर’ ही कादंबरी निघाली. प्रेमभंगाने आत्महत्या करणाऱ्या तरुणाची ती गोष्ट. निळा कोट आणि पिवळी बंडी हा वेर्टरचा वेश तरुण मंडळी घालू लागली, आणि पुस्तकामुळे आत्महत्या होतात असा बोभाटा झाला. पुढच्याच वर्षी लायप्झिग शहराने पुस्तकावर आणि त्या वेशावरही बंदी घातली. कपड्यांची नक्कल डोळ्यांना दिसत होती. मरणाच्या नकलेचा हिशेब मात्र त्या काळी कुणी नीट मांडला नाही. पुढे १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येच्या वृत्तपत्रीय बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात का, याचा अभ्यास केला आणि त्या परिणामाला वेर्टरचे नाव दिले. म्हणजे अभ्यास झाला बातम्यांचा, आणि नाव चिकटले कादंबरीला.

१८५७ साली पॅरिसमध्ये फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरवर ‘मादाम बोव्हारी’साठी खटला चालला. या कादंबरीची नायिका एमा मुलगी असताना मठातल्या शाळेत चोरून प्रेमकथा वाचते. पुढे तिला आपला साधा संसार त्या कथांपुढे फिका वाटतो आणि तिचा नाश होतो. प्रेमकथा बाईला बिघडवतात, हा समज इतक्या बारकाईने रंगवणारे दुसरे पुस्तक सापडणे कठीण. तरीही बायका बिघडतील म्हणून याच पुस्तकावर खटला झाला. फ्लोबेर सुटला. एमा बोव्हारी मात्र त्यानंतर प्रत्येक कादंबरीवेड्या बाईचे उदाहरण होऊन बसली. ती एका पुरुषाने कल्पिलेली वाचक आहे, हे सांगायचे बहुतेक टीकाकार विसरले.

१८६८ हे वर्ष आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी इंग्लंडच्या न्यायालयाने हिकलिन खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरवली. वाईट संस्कारांना ज्यांची मने उघडी आहेत आणि ज्यांच्या हाती हे पुस्तक पडू शकते, त्यांना भ्रष्ट करण्याकडे त्याचा कल आहे का, एवढेच पाहायचे. म्हणजे समाजातला सर्वांत कच्चा वाचक कल्पायचा आणि त्याच्या मापाने सगळ्यांचे पुस्तक मोजायचे. त्याच वर्षी मराठीत नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. हलबे यांची ‘मुक्तामाला’ तिच्या आधी, १८६१ ची. राजपुत्र, संकटे, वियोग आणि अखेर मीलन असा तो अद्भुताचा थाट होता. अद्भुताकडे का वळावे लागले, याचे कारण रिसबुडांनी प्रस्तावनेतच दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्याकडच्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर काही कारणांनी हिंदूंच्या रोजच्या आयुष्यात कादंबरीला लागणारे चित्तवेधक गुणदोषच सापडत नाहीत. मुलामुलींची लग्ने अंगणात खेळायच्या वयात होत असताना प्रेम जमायचे कुठे आणि कधी? मराठी प्रेमकथेला पहिल्या दिवसापासून ही अडचण होती. आयुष्यात जे नव्हते, ते पुस्तकात आणायचे होते.

या पुस्तकांचा वाचक लगेच बोललाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाले. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रांत बायकांवर जी झोड उठली होती, तिला ताराबाईंनी हे उत्तर दिले. पण हात घातला आहे म्हटल्यावर त्यांनी त्या वेळच्या गोष्टी आणि नाटके यांचाही समाचार घेतला. पुस्तकांत बाई कपटी, चंचल, कुलटा आणि पुरुष मात्र फसवला गेलेला बिचारा, हे कुठून आले, असा त्यांचा रोख होता. त्यांनी पुस्तके वाचली, त्यांतली बाई आपल्या ओळखीच्या बायकांशी ताडून पाहिली आणि खोटे ते खोटे म्हणून सांगितले. भोळी वाचक पुस्तकातले सगळे खरे मानते, हा समज मराठीत तरी तेव्हाच मोडायला हवा होता. तसे झाले नाही. ताराबाईंचे पुस्तक पुढची कित्येक दशके विस्मरणात गेले.

विसाव्या शतकात प्रेमकादंबरी मराठी मध्यमवर्गाच्या घरात रुळली ती ना. सी. फडके यांच्या हाताने. ‘जादूगार’ १९२८ ची, ‘दौलत’ १९२९ ची. कॉलेज, मोटार, टेनिस, थंड हवेची ठिकाणे, मोकळेपणाने बोलणारे तरुण-तरुणी. ‘कला कलेसाठी की जीवनासाठी’ हा फडके आणि खांडेकर यांच्या नावाने गाजलेला वादही मुळात वाचकावर होणाऱ्या परिणामाचाच होता. एका बाजूचे म्हणणे, पुस्तकाने आनंद द्यावा. दुसरीचे म्हणणे, पुस्तकाने माणूस घडवावा. पण त्या पुस्तकांमुळे कुणाला आनंद झाला आणि कोण घडले, हे दोन्ही बाजूंनी आपापल्या अंदाजाने सांगितले.

पुढच्या पिढीत चंद्रकांत काकोडकर, बाबा कदम, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुमुदिनी रांगणेकर, कुसुम अभ्यंकर, स्नेहलता दसनूरकर ही नावे लायब्ररीच्या फळीवरून घरोघरी गेली. यांतल्या निम्म्याहून अधिक लेखिका होत्या. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा थोडी मिळाली, पण पुस्तकावरच्या शिक्क्यांत ती भरपूर आहे.

याच काळात मराठी प्रेमकथेचा वाचक देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. पुण्याहून निघणाऱ्या ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली होती. निशिकांत हा शिक्षक आणि कवी, त्याच्या आयुष्यात येणाऱ्या तीन स्त्रिया आणि त्यांतली तिसरी श्यामा. कथा अश्लील आहे म्हणून फिर्याद झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरले. काकोडकर दिल्लीपर्यंत गेले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कथा फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाचा अनुभव अपुरा असेल, पण ती वाचून वाचकवर्ग बिघडेल असे तिच्यात काही नाही, हा त्या निकालाचा आशय. न्यायालयाने आणखी एक मुद्दा मांडला. स्त्रीपुरुष संबंधांचा नुसता उल्लेखच अश्लील मानला, तर किशोरवयीन मुलांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही आणि त्यांच्या हाती फक्त धार्मिक पुस्तके उरतील.

निकाल उदार होता आणि त्याबद्दल मराठी वाचकाने कृतज्ञ राहावे. पाचच वर्षे आधी, १९६४ साली, याच न्यायालयाने हिकलिनची जुनी कसोटी लावून ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही इंग्रजी कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. तीच कसोटी भारतात बाजूला पडायला २०१४ साल उजाडावे लागले. तरी ‘श्यामा’च्या निकालातसुद्धा जो वाचक पदोपदी येतो तो कल्पनेतला आहे : अमुक वयाचा, अमुक मनाचा, बिघडू शकणारा किंवा न बिघडणारा. लंडनमध्ये १९६० साली ‘लेडी चॅटर्ली’वर खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलाने ज्युरींना विचारले होते, हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा नोकराने वाचलेले तुम्हाला चालेल का? ज्युरींनी प्रकाशकाला सोडले. पण त्या प्रश्नाने सगळ्या वादाचे मूळ उघडे केले. काळजी पुस्तकाची कमी आणि ते कुणाच्या हाती पडते याची जास्त होती. वकिलाने स्वतः पुस्तक वाचले होते, आणि त्याचे चारित्र्य बिघडले का, असे त्याला कुणी विचारले नाही.

मग १९७० नंतर आक्षेपांची भाषा बदलली. आता नीतीचे रक्षक मागे पडले आणि स्त्रीवादी विचारवंत पुढे आल्या. जर्मेन ग्रीअर यांच्या १९७० च्या पुस्तकाचा सूर असा होता की, प्रेमकथेतला उंच, रुबाबदार, हुकमत गाजवणारा नायक बायकांनीच घडवला आहे आणि त्याच्या रूपाने त्या आपलीच गुलामी कुरवाळतात. टॅनिया मॉडलेस्की यांनी १९८२ साली या कथांच्या पोटात दडलेला राग आणि सूड दाखवला. या टीकेत तथ्य होते. पण पुस्तके वाचून वाचकाविषयी निष्कर्ष काढायची सवय तीच राहिली.

ती सवय मोडली अमेरिकी अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी. अमेरिकेच्या मध्य भागातल्या एका गावात त्या गेल्या. गावाला त्यांनी ‘स्मिथटन’ असे टोपणनाव दिले. तिथल्या पुस्तकांच्या दुकानात काम करणारी डॉट गिऱ्हाइकांना कोणती प्रेमकादंबरी घ्यावी आणि कोणती टाळावी, हे अचूक सांगे. त्यासाठी ती पत्रकही काढत असे. डॉटच्या ४२ गिऱ्हाइकांनी रॅडवे यांच्या प्रश्नावल्या भरल्या, काहींशी त्या तासन् तास बोलल्या आणि १९८४ साली ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक निघाले.

तुम्ही या कादंबऱ्या का वाचता, असे विचारल्यावर त्या बायका कथानकाविषयी बोलतील, अशी रॅडवे यांची अपेक्षा होती. त्या बोलल्या वेळेविषयी. दिवसभर नवरा, मुले, स्वयंपाक, कपडे. सगळ्यांचे सगळे आपण पाहतो, आपले पाहणारे कुणी नाही. हातात पुस्तक असले की तो वेळ माझा. घरातल्यांना ते कळते आणि ते कुरकुरतात. म्हणजे कथेत काय आहे याच्या आधी, पुस्तक उघडून बसणे हीच त्यांच्या लेखी एक मागणी होती.

त्या सगळे काही निमूटपणे वाचतही नव्हत्या. त्यांतल्या काही जणी पुस्तक घेण्याआधी शेवटचे पान उघडून पाहत. शेवट सुखाचा नसला तर पुस्तक परत फळीवर. नायक हिंसक असेल, नायिकेवर जबरदस्ती करणारा असेल, तर त्या पुस्तकाची दुकानात निंदा होई. नायिका हुशार, स्वतःच्या पायावर उभी राहणारी आणि हजरजबाबी हवी. नायक कर्तबगार हवा, पण अखेरीस मायाळू निघायला हवा. त्यांच्या आवडीला कडक नियम होते आणि ते त्यांनी स्वतः केले होते.

रॅडवे यांनी त्या बायकांचे नुसते कौतुक केले नाही. या कथांत नायक सुरुवातीला तुसडा, अबोल, कधी क्रूर असतो आणि शेवटी उलगडते की त्या तुसडेपणाखाली प्रेमच होते. असा उलगडा शंभर पुस्तकांत वाचला की घरातल्या पुरुषाच्या अबोल्यातही प्रेम शोधायची सवय लागू शकते आणि जे बदलायला हवे ते सोसले जाते, अशी शंका त्यांनी मोकळेपणाने मांडली. १९९१ च्या आवृत्तीच्या नव्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःचीही झाडाझडती घेतली : आपण अभ्यासक आणि त्या वाचक, अशी भिंत आपणच उभी केली होती. अभ्यासकाचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे.

भारतात याच वाटेने राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादच्या कॉलेजांतल्या मुलींशी बोलून अभ्यास केला. विषय होता मिल्स अँड बून. लंडनची ही प्रकाशनसंस्था जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी १९०८ साली काढली आणि १९३० च्या दशकात तिथल्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्रऱ्यांच्या जोरावर ती प्रेमकथांकडे वळली. भारतातही ही पुस्तके दुकानांपेक्षा लायब्ररीतूनच अधिक फिरली. पुणे-मुंबईच्या मुलींनी ती भरपूर वाचली आहेत आणि सभागृहातल्या अनेकींना त्या पातळ पुस्तकांचे आकारमान आठवत असेल. हैदराबादच्या मुलींना त्यांत तीन गोष्टी सापडत होत्या. पहिली इंग्रजी : भाषा सुधारते म्हटले की घरचे फार विचारत नसत. दुसरी, परक्या मुलखातले राहणीमान. तिसरी, शरीराविषयीची ती माहिती, जी घरात किंवा शाळेत कुणी देत नव्हते. कॉलेजात घोळक्याने उघड वाचन चाले, घरात वडीलधाऱ्यांपुढे मात्र पुस्तक लपे. या मुलींना पुस्तकातली गोष्ट आणि आपल्यासाठी चाललेले वरसंशोधन यांतले अंतर नीट माहीत होते.

म्हणजे प्रेमकादंबरीचा परिणामच होत नाही का? होतो. पण तो कुठे होतो, हे मोजून पाहावे लागते.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात कॅटरिना फाँग, जस्टिन मलिन आणि रेमंड मार यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्याचा फक्त डोळ्यांपुरता भाग दाखवणारी छायाचित्रे लोकांपुढे ठेवायची आणि त्या माणसाच्या मनात काय चालले असेल ते चार शब्दांतून निवडायला सांगायचे, अशी ती चाचणी. ज्यांना प्रेमकादंबऱ्यांची ओळख जास्त होती, त्यांना ही चाचणी चांगली जमली. विज्ञानकथा वाचणाऱ्यांबाबत असे दिसले नाही. यावरून पुस्तकांमुळेच नजर तयार झाली असे सिद्ध होत नाही; मुळात माणसे ओळखणारेच अशा पुस्तकांकडे वळत असतील. पण प्रेमकथा मन मुर्दाड करते, या म्हणण्याला तिथे आधार मिळत नाही.

दुसरा अभ्यास उलट बाजूचा आहे आणि तोही सांगितला पाहिजे. अमांडा डीकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००० साली आधुनिक प्रेमकादंबऱ्या तपासल्या. जिथे शरीरसंबंधाचे प्रसंग होते तिथे कंडोमचा उल्लेख जेमतेम दहातल्या एखाद्या पुस्तकात. सगळे आवेगात घडते, आधी कुणी काही विचारत नाही, आणि तेच खरे प्रेम समजले जाते. मग त्यांनी कॉलेजातल्या मुलींना विचारले. ज्या अशा कादंबऱ्या अधिक वाचत त्यांचे कंडोमविषयीचे मत अधिक प्रतिकूल निघाले. इथवर टीकाकार खूष होतील. पण अभ्यासाचा तिसरा टप्पा त्याहून महत्त्वाचा होता. तशाच कथांत त्यांनी थोडा बदल केला : प्रसंग तोच, ओढ तीच, फक्त दोघे आधी काळजी घेतात. तेवढ्याने वाचणाऱ्या मुलींचे मत सुधारले.

या अभ्यासांतून दोन गोष्टी हाती येतात. प्रेमकादंबरी वाचून बाई घर सोडून जाते, हे कुठे सापडले नाही. पण जिथे घरात आणि शाळेत कुणी बोलत नाही, अशा नेमक्या जागी कादंबरी शिकवते. चुकीचे शिकवते तेव्हा तिथे दुसरा शिक्षक नसतो. म्हणून जबाबदारी वाचणाऱ्या मुलीवर टाकून भागणार नाही. ती लिहिणाऱ्यावर आहे, आणि ज्यांनी बोलायचे टाळले त्या मोठ्या माणसांवर आहे. नायकाने नायिकेचा ‘नाही’ हा शब्द ‘नाही’ असाच ऐकला, तर कथेची रंगत कमी होत नाही. हे आपल्याही लेखकांनी मनावर घ्यावे. आज मोबाईलवर मराठी प्रेमकथांचे भागच्या भाग रोज प्रसिद्ध होतात, आणि लिहिणाऱ्यांत गावागावांतल्या तरुण मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या हाती वाचकाचा विश्वास आहे.

एक काम मात्र आपल्या ग्रंथालयांनीच करायचे आहे आणि त्याला फार मुदत नाही. काकोडकर, बाबा कदम, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्यांसाठी साठ-सत्तरच्या दशकात ज्या मुली आणि सुना नंबर लावून उभ्या राहत, त्या आज उतारवयात आहेत. त्यांतल्या कित्येक जणी अजूनही पुस्तक बदलायला येतात किंवा नातवाला पाठवतात. कार्यकर्त्यांनी वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्याजवळ तासभर बसावे. कोणते पुस्तक पुन्हा पुन्हा आणले? घरात कुठे बसून वाचत होता, आणि कुणापासून लपवत होता? कोणती नायिका आवडली, कोणाचा राग आला? कोणत्या गोष्टीवर विश्वास बसला आणि पुढे तो खरा ठरला की खोटा? उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत, सुधारू नयेत. जुन्या बांधणीची पुस्तके रद्दीत देण्यापूर्वी त्यांच्या शेवटच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत. या कामाला अनुदान लागत नाही, परवानगीही लागत नाही. येत्या वर्षभरात प्रत्येक ग्रंथालयाने निदान दहा वाचकांपासून सुरुवात करावी, अशी या व्यासपीठावरून सर्वांना विनंती आहे.